थिन क्लायंटवर थुनार जड वाटतोय?

थिन क्लायंटवर, म्हणजे सर्व्हरच्या जिवावर चालणाऱ्या छोट्या संगणकावर, काम करताना एक गोष्ट विसरायला होते: थुनार हा फाइल मॅनेजर (फाइल्स-फोल्डर दाखवणारा प्रोग्राम) समोरच्या डब्यात चालत नाही, तो सर्व्हरवर चालतो आणि इथे फक्त चित्र येतं. त्यामुळे फोटोंनी भरलेला फोल्डर उघडला की थंबनेल (फाइलची छोटी चित्रं) बनवायचं ओझं सर्व्हरवर, आणि ते सगळं रंगीत चित्र नेटवर्कवरून तुमच्याकडे. एकाच वेळी वीसजणांनी उघडला की माउससुद्धा अडखळतो.

थुनारमध्ये एडिट, मग प्रेफरन्सेस, तिथे डिस्प्ले टॅबमध्ये ‘शो थंबनेल्स’ला ‘नेव्हर’ करा. ‘लोकल फाइल्स ओन्ली’ने भागत नाही, कारण तुमच्या फाइल्सचा होम फोल्डर सर्व्हरच्याच डिस्कवर असेल तर थुनारच्या लेखी तो लोकलच! नवे फोल्डर डिटेल्ड लिस्टमध्ये उघडतील असंही तिथेच ठरवा. उघड्या खिडकीत कंट्रोल आणि २ दाबलं तरी यादी दिसते. दिसायला रुक्ष, पण सरकवताना फरक लगेच जाणवतो.

आणि हो, ट्रॅश. डिलीट केलेली फाइल सर्व्हरवरच, तुमच्या होममधल्या लपवलेल्या फोल्डरात पडून राहते. कोटा (तुम्हाला दिलेली जागा) भरल्याची तक्रार करण्याआधी ट्रॅश रिकामा करा. पेन ड्राइव्ह मात्र इजेक्ट केल्याशिवाय उपटू नका. कॉपी झाल्यासारखं दिसलं तरी शेवटचा तुकडा वाटेतच असू शकतो.