गुप्तरोगाच्या गोळ्या संपल्या, तरी त्रास जात नाही? मग हे करा

कोर्स पूर्ण झाला, तरी लघवीला जळजळ होतेच आहे किंवा स्राव थांबलेला नाही. अशा वेळी तीच गोळी पुन्हा विकत आणावीशी वाटते. तसे करू नका. त्रास का उरला हे कळण्याआधी घेतलेल्या अँटिबायोटिकमुळे तपासणीत जंतू सापडणे अवघड होते आणि खरे कारण मागेच राहते.

आधी हे पाहा. अंडकोषात अचानक असह्य दुखू लागले तर तासाभराचीही वाट पाहू नका. ती अंडकोषाला पीळ पडल्याची खूण असू शकते आणि तो पीळ साधारण सहा तासांत सोडवावा लागतो. ताप आणि ओटीपोटात कळा, गरोदरपणात उरलेली लक्षणे, सांधे सुजणे, डोळे लाल होणे किंवा नजर धूसर होणे, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

मग दिवस मोजा. गोनोरियावर, म्हणजे परम्यावर, योग्य इंजेक्शन मिळाले की काही दिवसांतच फरक दिसतो. तीन ते पाच दिवसांत तो दिसला नाही, तर परत दाखवावे. क्लॅमिडिया या दुसऱ्या जिवाणूजन्य गुप्तरोगासाठी डॉक्सिसायक्लीन हे अँटिबायोटिक सहसा 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस देतात. जंतू मेल्यावरही मूत्रमार्गाचे सुजलेले अस्तर शांत व्हायला वेळ लागतो, म्हणून थोडी जळजळ आणखी आठवडा-दोन आठवडे राहू शकते. ती रोज कमी होते आहे की तशीच आहे, हे पाहायचे. रोज एक ओळ लिहून ठेवा. डॉक्टरांना ती फार उपयोगी पडते. आणि स्राव येतोय का हे पाहण्यासाठी लिंग सारखे दाबू-पिळू नका. त्यानेच मूत्रमार्ग चिडलेला राहतो.

गोळ्या कशा घेतल्या ते आठवा. मध्येच बरे वाटले म्हणून सोडल्या का? गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली का? डॉक्सिसायक्लीनबरोबर अँटासिड, लोह किंवा कॅल्शियमची गोळी घेतली, तर औषध शरीरात नीट शोषले जात नाही. असे काही झाले असेल तर डॉक्टरांना सरळ सांगा. त्यात ओशाळण्यासारखे काही नाही.

आता जोडीदाराचा विचार करा. हा प्रश्न टाळला जातो आणि उपचार बहुतेक वेळा इथेच फसतात. एकाने औषध घेतले, दुसऱ्याने घेतले नाही, तर संसर्ग परत येतो. क्लॅमिडिया आणि गोनोरियात अनेकांना लक्षणेच नसतात, त्यामुळे ‘मला काही त्रास नाही’ या उत्तरावर विसंबून चालत नाही. लक्षणे दिसण्याआधीच्या किंवा निदानाआधीच्या 60 दिवसांत ज्यांच्याशी संबंध आला, त्या सर्वांना कळवायला हवे. एकच डोस घेतला असेल तर पुढचे सात दिवस, सात दिवसांचा कोर्स असेल तर तो संपेपर्यंत, आणि जोडीदाराचे उपचार होईपर्यंत संबंध टाळावेत. सांगणे जड जाते हे खरे आहे. तरीही सांगाच. ‘माझ्या तपासणीत संसर्ग निघाला आहे, तूही तपासून घे’ एवढे पुरे. कुणाकडून आला याचा निवाडा त्या क्षणी करायचा नसतो, आणि पुष्कळदा तो करताही येत नाही.

तपासणी वेळेवर करा. क्लॅमिडियाची डीएनए शोधणारी तपासणी उपचारानंतर चार आठवड्यांच्या आत केली, तर मेलेल्या जंतूंचे अवशेषही ‘पॉझिटिव्ह’ दिसू शकतात. त्या रिपोर्टने घाबरून लोक नाहक दुसरा कोर्स घेतात. गोनोरियाची लक्षणे उरली असतील तर मात्र थांबायचे नाही. कल्चर करून, म्हणजे नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून, कोणते औषध लागू पडते ते पाहावे लागते, कारण या जंतूने एकामागून एक अनेक औषधांना दाद देणे सोडले आहे. उपदंशाचे, म्हणजे सिफिलिसचे, गणित वेगळे आहे: काही रक्ततपासण्या बरे झाल्यावरही बहुधा आयुष्यभर पॉझिटिव्ह राहतात. उपचाराचा गुण व्हीडीआरएलसारख्या रक्ततपासणीच्या घसरत्या आकड्यावरून ठरतो, आणि त्याला महिने लागतात.

भलताच जंतू तर नाही ना, हे विचारा. मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम हा जंतू नेहमीच्या तपासणीत पाहिला जात नाही. त्यावर डॉक्सिसायक्लीन एकटे सहसा पुरत नाही, आणि ॲझिथ्रोमायसिनलाही तो अनेकदा जुमानत नाही. ट्रायकोमोनास हा परजीवी आहे, त्याला मेट्रोनिडाझोलसारखे औषध लागते. हर्पिस विषाणूमुळे होतो, तिथे अँटिबायोटिक निरुपयोगी. योनीत खाज आणि दह्यासारखा पांढरा स्राव अँटिबायोटिकनंतरच सुरू झाला असेल, तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो. त्यावर उपाय सोपा आहे, पण डॉक्टरांना दाखवून खात्री करून घ्यावी.

सगळ्या तपासण्या योग्य वेळी होऊन निगेटिव्ह आल्या, तरी ओटीपोटात, वृषणात किंवा लघवीच्या जागी दुखत राहू शकते. हे दुखणे खरे असते, मनाचे खेळ नव्हेत. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणलेले राहणे हे त्याचे एक कारण असते. तिथे आणखी अँटिबायोटिकपेक्षा त्या स्नायूंची फिजिओथेरपी जास्त कामाची ठरते. मूत्ररोगतज्ज्ञ किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांना हा पर्याय स्वतःहून विचारा. आणि क्लॅमिडिया किंवा गोनोरिया झाला असेल, तर बरे वाटत असले तरी तीन महिन्यांनी फेरतपासणी करून घ्या, कारण पुन्हा लागण होण्याचे प्रमाण मोठे आहे.