जुन्या गाड्या घेऊन रामटेकला: एका रविवारची तयारी

जुन्या मोटरसायकलींच्या क्लबची सहल ठरवताना आधी ठिकाण बघू नका, गटातली सगळ्यात हळू गाडी बघा. पंधरा गाड्यांत एक राजदूत 175 असेल तर सगळ्यांचा वेग तिचा, म्हणजे ताशी 45 ते 50. त्या वेगाने नागपूरहून रामटेक हे पहिल्या सहलीसाठी उत्तम अंतर आहे. झिरो माइलपासून कामठी, कन्हान, मनसरमार्गे साधारण 50 किलोमीटर, रस्ता सरळ आणि चढ फक्त शेवटी गडाचा.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेच्या उन्हात हवेवर थंड होणारी ही इंजिनं हकनाक तापवू नयेत. जानेवारीत सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, म्हणून सातला निघा. त्याआधी नको, कारण जुन्या जावाचा 6 व्होल्टचा दिवा धुक्यात समोरच्याला दिसतही नाही.

पेट्रोल शनिवारी संध्याकाळीच भरा. जावाच्या पेट्रोलमध्येच लिटरमागे 40 मिली टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनचं) ऑइल मिसळायचं, म्हणजे 5 लिटरला 200 मिली. आधी ऑइल टाका, वरून पेट्रोल सोडा, म्हणजे ते नीट मिसळतं. यामाहाच्या आरएक्स 100 ची ऑइलची टाकी वेगळी असते. तिच्या पेट्रोलमध्ये ऑइल ओतू नका, ती टाकी भरलेली आहे का तेवढं पाहा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या रबराची नळी फुगवतं. म्हणून नळी नवी, इथेनॉल सोसणारी टाका, आणि महिनाभर उभ्या गाडीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होऊन (हवा जास्त, इंधन कमी) इंजिन जास्त तापतं. प्लग पांढरट निघत असेल तर कार्बोरेटरमधला मेन जेट (पेट्रोल सोडणारं मुख्य छिद्र) एक नंबर मोठा लावा. चहासारखा तपकिरी प्लग म्हणजे सगळं ठीक.

क्लबच्या सामानात एवढं हवंच: 16, 18 आणि 19 इंची ट्यूब प्रत्येकी एक, क्लच आणि ऍक्सिलेटरच्या वायरी, चेन लॉक (चेनची जोडकडी), चार प्लग, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), बारीक पॉलिश पेपर, हवेचा पंप आणि कंडेन्सर (ठिणगीच्या सर्किटमधला छोटा विजेचा भाग). कंडेन्सर डबीतून काढलेला कोरा नको. आठवडाभर गाडीवर चालवून पाहिलेला ठेवा, कारण नवे म्हणून आणलेलेही तापल्यावर दगा देतात. थंड असताना एका किकमध्ये सुरू होणारी गाडी वीस किलोमीटरवर बंद पडते, अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होते, हे बहुतेक वेळा कंडेन्सरचंच दुखणं. प्लग काढून इंजिनला टेकवा आणि किक मारा. ठिणगी पिवळी, मरगळलेली दिसली आणि पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे विजेचे संपर्क) जळके असले की कार्बोरेटरला हात लावूच नका. पॉइंट साफ करा, गॅप 0.4 मिमीच्या आसपास ठेवा, कंडेन्सर बदला.

रस्त्यावर सगळ्यात पुढे रस्ता माहीत असलेला माणूस, सगळ्यात मागे दुरुस्तीत हात चालणारा माणूस आणि सामान त्याच्याकडे. शेवटच्या गाडीला कुणीही मागे टाकायचं नाही. वळणावर दुसऱ्या क्रमांकाची गाडी थांबते आणि शेवटची येईपर्यंत तिथेच उभी राहते. मनसरला महामार्ग सोडून रामटेककडे वळताना हे पाळलं नाही की दोन-चार जण थेट जबलपूरच्या दिशेने निघून जातात. पाच-पाचच्या गटात चाला, म्हणजे ट्रकला मध्ये शिरायला जागा मिळते.

पहिला थांबा कन्हानचा पूल ओलांडल्यावर, साधारण 20 किलोमीटरवर. तर्री पोहे इथेच खा, घरून खाऊन येऊ नका. पोहे संपेपर्यंत वीस मिनिटं होतात, तेवढ्यात इंजिनं निवतात, प्लग बघून होतात आणि नवा सदस्य चार जणांशी बोललेला असतो. तापलेल्या इंजिनावर पाणी मात्र ओतू नका, बिडाचा सिलिंडर तडकतो.

गाड्यांची अदलाबदल करायचा मोह इथेच होतो. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात असतो, घाबरल्यावर पाय सवयीच्या जागी जातो. म्हणून अदलाबदल रामटेकजवळच्या खिंडसी तलावाच्या मोकळ्या जागेत, मालक शेजारी उभा असताना. किक शिकवायची ती पण तिथेच. बुलेटची चावी लावून किक हळूहळू दाबा आणि हेडलाइटवरच्या ऍमीटरचा (विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या मीटरचा) काटा बघा. काटा डिस्चार्जकडून मधोमध आला की पॉइंट उघडले. आता डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) दाबून किक किंचित पुढे न्या, डिकॉम्प्रेसर सोडा, किक वर येऊ द्या आणि पूर्ण वजनाने एकच किक मारा. ताकद लागत नाही. जावाला वेगळी किक नाहीच: गिअरचाच दांडा आत दाबून वर फिरवला की किक होते. लहान मुलांना हे दाखवा, त्यांना फार आवडतं.

गडावर चढताना काही होत नाही, बिघाड उतरताना होतो. जावासारख्या टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबर येतं. ऍक्सिलेटर बंद करून गिअरमध्ये उतरलात तर इंजिन फिरतं, ऑइल पोचत नाही आणि पिस्टन जाम होतो. उतारावर ब्रेक वापरा आणि अधूनमधून ऍक्सिलेटर थोडा उघडा. आवाज दबला, कुणी मागून धरल्यासारखी गाडी ओढायला लागली, तर त्याच क्षणी क्लच दाबा. वीस मिनिटं थांबा, प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडा, हाताने किक फिरवून पाहा.

कागद प्रत्येकाने स्वतःचे ठेवायचे: आरसी, विमा, पीयूसी. 50 वर्षांवरची मूळ स्थितीतली गाडी असेल तर 2021 च्या नियमाने ‘व्हीए’ मालिकेचा विंटेज नंबर मिळतो; नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. पण मग ती रोज चालवता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल अशा कामांसाठीच. दर रविवारी फिरणाऱ्याने साधीच नोंदणी ठेवावी, असं आमचं मत.

वर्गणी निघण्याआधीच गोळा करा. परतीला साडेअकरापर्यंत निघा आणि शेवटची गाडी घरी पोचल्याचा फोन येईपर्यंत पुढच्या माणसाने आपला फोन बंद करू नये.