मुंबईच्या हिवाळ्यात मुलांना अंगणात खेळवताना या चुका टाळा

डिसेंबर लागला की आमच्या बालवाडीच्या दारात दोन वाक्यं रोज ऐकू येतात. ‘ताई, गारठा आहे, आज बाहेर नेऊ नका,’ आणि ‘स्वेटर काढू देऊ नका हं.’ पालकांची काळजी खरी आहे, पण मुंबईत मुलांना त्रास होतो तो गारठ्यापेक्षा दूषित हवेचा. इथे पारा १६ अंशांवर उतरला तरी बातमी होते, आणि त्याच दिवशी दुपारी तो तिशीच्या आसपास असतो.

सकाळी आठला मैदानात उतरणं

‘सकाळची हवा स्वच्छ’ हे गावाकडे ठीक आहे. मुंबईत हिवाळ्यात रात्रभर जमीन गार होते, वारा पडतो आणि गाड्यांचा धूर, बांधकामाची धूळ जमिनीलगत साचून राहते. ऊन तापून वारा खेळू लागेपर्यंत ती हलत नाही. मुलं आपल्यापेक्षा भराभर श्वास घेतात आणि पळताना तर जास्तच. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी आम्ही वेळापत्रक उलटं करतो: आधी गाणी, गोष्टी, डबा आणि साडेदहानंतर अंगण. निघण्याआधी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर जवळच्या केंद्राचा हवेच्या गुणवत्तेचा आकडा (AQI) बघायचा. २०० च्या वर असेल तर पळापळीचे खेळ बंद, आणि दम्याच्या मुलांना त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं असेल तसंच.

मैदान कोरड्या झाडूने झाडणं ही याच चुकीची धाकटी बहीण. मावशींना सांगा, आधी सडा, मग झाडू, आणि तेही मुलं यायच्या आत. घसरगुंडी ओल्या फडक्याने पुसा. फडकं एकदा उलटून बघा, काळी रेघ दिसेल. हिवाळ्याचा उपक्रम म्हणून पाचोळा पेटवून शेकोटी करू नका. तो धूर थेट त्या छोट्या छात्यांत जातो.

स्वेटर, कानटोपी आणि वर मफलर

मागच्या डिसेंबरात एक चार वर्षांचा मुलगा झोक्यावरून उतरून माझ्याकडे आला. कानटोपीखाली केस भिजलेले, गाल लाल. स्वेटरच्या आत हात घातला तर बनियन घामाने पाठीला चिकटलेलं. असं मूल नंतर पंख्याखाली बसलं की खरंच गारठतं. मुलाला थंडी वाजते की उकडतं हे हातापायांवरून कळत नाही. मानेमागे हात लावून पाहा. ओलसर लागलं तर स्वेटर उतरवा. पालकांना सांगा: एक जाड स्वेटर नको, पातळ कपड्यांचे दोन थर आणि दप्तरात एक कोरडा बनियन द्या. पाण्याचं तर सगळेच विसरतात. थंडीत मुलं पाणी मागत नाहीत. दर अर्ध्या तासाने आपणच पुढे करायचं.

सर्दी विषाणूंनी होते, आणि दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत पंचवीस मुलं बसवली की ती भराभर पसरते. हे मी पालकसभेत दरवर्षी सांगते.

बाहेरचं सोडून पुन्हा कागदच हातात देणं

माझ्या मते सगळ्यांत मोठी चूक हीच. खिडकीबाहेर देशी बदामाची पानं लालभडक होऊन गळत असतात आणि आत मुलं कापसाचा स्नोमॅन चिकटवत असतात. जो बर्फ त्यांनी पाहिलेला नाही! बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये अनुताई वाघांना सोबत घेऊन डहाणूजवळच्या बोर्डीत बालवाडी सुरू केली, तेव्हा पानं, खडे, बिया हीच साधनं होती. ती मुंबईतही फुकट मिळतात. बदामाची पानं लहान-मोठी लावा, रंगाने वेगळी करा. समुद्र जवळ असेल तर हिवाळ्यात येणारे कुरव पक्षी दाखवा.

आणि सावल्या. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे सावली लांब पडते. दहा वाजता मुलीला फरशीवर उभं करून खडूने तिची सावली रेखली, तर ती साधारण तिच्या दीडपट भरते. साडेबाराला त्याच पावलांवर पुन्हा उभी केली की सावली तिच्या उंचीपेक्षा जराशी कमीच असते, शिवाय दिशाही बदललेली. एका छोटीने विचारलं, ‘ताई, माझं डोकं कुठे गेलं?’ मी उत्तर दिलं नाही. तिने स्वतःच वर बघितलं, हाताने डोळे झाकले आणि म्हणाली, ‘सूर्य चढला.’ तेव्हा लगेच समजावून सांगायची घाई करू नका. मेच्या मध्यावर भर दुपारी हीच सावली पायाखाली गडप होते. शाळेला तेव्हा सुट्टी असते, म्हणून खडू घरी द्या.

संक्रांतीची घाई

बोरन्हाणात मुलांवर बोरं, हलवा, शेंगा ओततात आणि मुलं पळता पळता तोंडात टाकतात. बोराची बी किंवा शेंगदाणा घशात अडकायला क्षण पुरतो. आम्ही ओतायला फक्त कुरमुरे घेतो. बोरं बिया काढून, खाली बसवून देतो. संक्रांतीनंतर आठवडाभर मैदानात मुलांना सोडण्याआधी एक चक्कर मारा, झोक्याच्या साखळ्या आणि झाडांच्या खालच्या फांद्या हाताने चाचपा. नायलॉनचा मांजा डोळ्यांना दिसत नाही. सापडला तर कात्रीने बारीक तुकडे करूनच कचऱ्यात टाका, नाहीतर तो पक्ष्यांच्या पायात जातो.