कीवर्ड मोजण्यात घालवलेले दिवस

एसईओला, म्हणजे वेबसाइट गूगल सर्चमध्ये वर आणायच्या कामाला, नवीन लागलो तेव्हा पहिलं काम काय मिळालं तर कीवर्ड डेन्सिटी बघायची, म्हणजे लोक सर्चमध्ये टाकतात तो शब्द पेजवर किती वेळा येतो ते. शंभर शब्दांत मेन कीवर्ड तीनदा तरी आलाच पाहिजे असा सीनियरचा हुकूम, मग काय, मी लिहिलं, 'स्वस्त वॉटर प्युरिफायर शोधताय? आमचा स्वस्त वॉटर प्युरिफायर बघा, कारण स्वस्त वॉटर प्युरिफायर घेताना...' मोठ्याने वाचलं असतं तर माझं मलाच हसू आलं असतं, पण टूल हिरवं दाखवत होतं ना! पेज गूगलच्या चौथ्या पानावरून हललं नाही ते नाहीच.

नंतर कळलं की असा काही ठरलेला टक्का नसतोच, उलट कीवर्ड कोंबणं गूगलच्या स्पॅम पॉलिसीत येतं. आणि मी ज्या मेटा कीवर्ड्स टॅगमध्ये (पेजच्या कोडमधली, वाचकाला न दिसणारी कीवर्ड्सची यादी) वीस-वीस शब्द भरत बसायचो तो रँकिंगला धरत नाही हे गूगलने 2009 मध्येच सांगून टाकलेलं. किती दुपारी वाया गेल्या देव जाणे.

डोळे उघडले ते सर्च कन्सोल या गूगलच्या टूलमुळे. लोक काय टाइप करतात ते तिथे दिसतं, तर त्यात एक क्वेरी होती, 'प्युरिफायरमधून पाणी हळू का येतं', इम्प्रेशन्स (म्हणजे रिझल्टमध्ये आमचं पेज दिसलं ते) बऱ्यापैकी आणि क्लिक शून्य. येणार कुठून, आमच्या पेजवर नुसती विक्री, उत्तर कुठेच नाही. मग वेगळं पेज केलं, टायटल आणि हेडिंगमध्ये लोकांचेच शब्द एकेकदा, पहिल्याच पॅरात उत्तर की फिल्टर चोक झालाय का, नळाला प्रेशर आहे का ते आधी बघा. पुढे मोजलं काहीच नाही, मेम्ब्रेन, टाकी हे शब्द ओघात येतच गेले. दीडेक महिन्यात पहिल्या पानावर, तळाशी का होईना. आता हे नुसत्या शब्दांनी झालं असं मी म्हणणार नाही, त्या क्वेरीला कॉम्पिटिशनच कमी होती. नुसत्या 'वॉटर प्युरिफायर'वर जुन्या मोठ्या साइट्स ठाण मांडून बसल्यात, तिथे नवख्याने डोकं आपटू नये.

मग अंगात आलं आणि 'पाणी हळू', 'पाणी कमी', 'धार बारीक' अशी तीन पेजेस काढली. आज हे वर, उद्या ते, आमचीच पेजेस एकमेकांच्या पायात पाय घालायला लागली! शेवटी सगळं एकात घेतलं, बाकी दोन 301 ने, म्हणजे कायमच्या रीडायरेक्टने, तिकडे वळवली, तेव्हा कुठे थांबलं.

आणि ते 'स्वस्त'वालं पेज अजून चौथ्या पानावरच आहे, क्लायंट काढू देत नाही.