‘बेग’ दिसला की भीक घालू नका: या चुका टाळा

इंग्रजीतून मराठीत आलेले कागद तपासायचं काम मी बरीच वर्षं करते. काही शब्द दिसले की पुढचं वाक्य वाचायच्या आधीच माझ्या हातातल्या लाल पेनाचं टोपण निघतं. ‘बेग’ हा त्यातला पहिला. इंग्रजीत मागण्याचं तीन अक्षरांचं क्रियापद (beg), पाचवीतल्या पोरालाही येतं, म्हणून त्यासाठी शब्दकोश कुणी उघडत नाही. अवघड शब्दांना माणूस घाबरून असतो आणि नीट बघतो. असल्या सोप्या शब्दांवरच आपटतो.

रजेची भीक

गिरगावातल्या एका चाळीतल्या खोलीचा वाद होता. अर्जदार ऐंशीच्या घरातल्या आजी. वकिलांचा अर्ज इंग्रजीत, आणि आपल्या नावानं काय लिहिलंय ते आजींना स्वतः वाचायचं होतं. मराठी करायला दिलं एका नव्या मुलाकडे. त्यानं ते यंत्रातून काढलं, वरून जरा इस्त्री फिरवली आणि रात्री अकराला माझ्याकडे पाठवलं. सकाळी द्यायचं होतं. मी तारखा, रकमा, नावं ताडून पाहिली आणि कागद सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजींचा फोन. “बाई, आमच्या सात पिढ्यांत कुणी भीक मागितलेली नाही. आणि या वयात मी रजा कुणाकडे मागू? मी नोकरीला आहे कुठे?”

कागद उघडला. मुळात होतं, अर्जदार अमुक कागदपत्रांचा आधार घेण्यासाठी ‘बेग्ज लीव्ह’. मराठीत उतरलं होतं: “अर्जदार कागदपत्रांवर विसंबून राहण्यासाठी रजेची भीक मागत आहे.”

इथे ‘लीव्ह’ म्हणजे परवानगी. ‘बेग लीव्ह’ म्हणजे कोर्टापुढे रीतीप्रमाणे ती मागणं. मुंबईतल्या इंग्रजी अर्जांत हे वाक्य आणि त्याचं जुळं भावंड ‘क्रेव्ह लीव्ह’ नेहमीचंच. मराठीत एवढंच पुरे होतं: “सदर कागदपत्रांचा आधार घेण्यास परवानगी मिळावी, ही विनंती.” फोनवर वाचून दाखवलं, तर आजी म्हणाल्या, “हां, असं म्हणा की.” मुलाला मी फैलावर घेतलं, पण निम्मी चूक माझीच होती. आकडे जुळले म्हणजे मजकूर तपासला, असं मी त्या रात्री धरून चालले होते.

‘आय बेग टु स्टेट’ची जातकुळी हीच. जुन्या सरकारी अर्जांत कारकून लोक त्याशिवाय पहिली ओळ लिहीत नसत. त्यात कुणी काही मागत नाही. आपल्या आजोबांच्या पत्रात “साष्टांग नमस्कार विनंती विशेष” असायचं आणि पुढे विनंती नसून पावसापाण्याची खबर असायची, तसंच. ज्याला ‘वि. वि.’ कळतं त्याला ‘बेग टु स्टेट’ कळायला हरकत नाही. भाषांतरात ते ‘सविनय कळवितो की’ होतं, किंवा सरळ गाळलं तरी आभाळ कोसळत नाही.

माझी सवय सांगते. ‘बेग’ दिसला की मी त्याच्या पुढच्या शब्दाला पेन्सिलीनं गोल करते. पुढे ‘फॉर’ असेल तर काहीतरी खरोखर मागितलं जातंय. ‘टु डिफर’ असेल तर “माझं मत वेगळं आहे”, आणि हे म्हणणारा बहुतेक वेळा आतून धुमसत असतो. ‘ऑफ’ला एफ दोन असतील तर कबूल केलेल्या कामातून सबब सांगून अंग काढून घेणं. एफ एकच असेल तर कळवळून केलेली विनवणी. ही पद्धत वगैरे नाही, पण आजींच्या फोनपासून माझा हात असाच चालतो.

‘विनंती करणे’ सगळीकडे चालत नाही

भीक टाळायला सांगितलं की नवखे लोक लगेच सगळीकडे ‘विनंती केली’ लिहू लागतात. आईस्क्रीमसाठी ‘बेग’ करणारं पोर विनंती करतं का? ते मागे लागतं. मैत्रीण लग्नाला चल म्हणून गळ घालते. रुसलेल्याच्या नाकदुऱ्या काढाव्या लागतात. पोलिसासमोर माणूस गयावया करतो, फारच झालं तर हातापाया पडतो. मुलाच्या जिवासाठी आई पदर पसरते. इंग्रजी या सगळ्यांना एकाच शब्दात उरकतं. मराठीला कोण, कुणापुढे आणि किती वाकलंय ते विचारावं लागतं.

पोटासाठी मागण्यातही एकच शब्द पुरत नाही. बौद्ध भिक्खूचं ‘बेगिंग बोल’ म्हणजे भिक्षापात्र. एकानं ‘भिकेचा कटोरा’ लिहिलं होतं, ते पान मी फाडायचीच बाकी ठेवली. घरोघरी शिजवलेलं अन्न मागून शिकणाऱ्या मुलांची ती माधुकरी, देवीच्या नावानं मागितला तो जोगवा. उलट १९५९ च्या मुंबईच्या भीक-प्रतिबंधक कायद्यात मात्र भीकच लिहायची. गाणं म्हणून, नाचून, भविष्य सांगून पैसे मागणंही त्या कायद्याच्या व्याख्येत बसतं. म्हणजे जोगवा मागणारी तिथे कुठे बसते, हा प्रश्न अनुवादकाचा राहत नाही.

‘भीक’वरून ‘बेग’ आला म्हणे

हा संदेश मला दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी पाठवतं. खाली हात जोडलेलं चित्र, “संस्कृत ही सर्व भाषांची जननी” आणि पुढे पाठवा. दहा सेकंदांत व्युत्पत्ती. मला याचा राग येतो, कारण संस्कृत आणि इंग्रजीचं दूरचं नातं खरंच आहे आणि त्याला नियम आहेत.

‘भ्राता’ आणि ‘ब्रदर’ पाहून लोकांना वाटतं, भ चा ब झाला, काम झालं. पुढच्या व्यंजनाकडे कोण बघणार? आपली भीक आली ‘भिक्षा’वरून. ‘भिक्ष्’ हे ‘भज्’ म्हणजे वाटून घेणे या धातूचं इच्छार्थी रूप, अर्थात वाटा मिळावा अशी इच्छा. आता संस्कृतातला क्ष इंग्रजीत कसा भेटतो ते पाहा: ‘उक्षन्’ म्हणजे बैल, तो तिकडे ‘ऑक्स’. मूळच्या ग चंही तसंच: आपलं ‘युग’ म्हणजे जू, तिकडे ‘योक’, ग चा क. म्हणजे भिक्ष् किंवा भज् चं भावंड इंग्रजीत असतं तर त्याच्या शेवटी क्स किंवा क आला असता. ‘बेग’मध्ये ग आहे. नातं तिथेच तुटलं.

मग ‘बेग’ आला कुठून? इंग्रजीत तो तेराव्या शतकाच्या सुरुवातीला दिसू लागतो आणि त्याच्या उगमाबद्दल अभ्यासकांत दोन तट आहेत. एक तट नवव्या शतकाच्या अखेरीकडे बोट दाखवतो. इंग्रजांच्या आल्फ्रेड राजाच्या एका धार्मिक अनुवादात ‘बेडेकियन’ असं क्रियापद आहे, अर्थ भीक मागणे. इंग्रजीच्या नात्यातल्या, आता लोपलेल्या गॉथिक भाषेत भिकाऱ्याला ‘बिडाग्वा’ म्हणत. यांचं मूळ इंग्रजी ‘बिड’ या क्रियापदाच्या घरातलं, आणि हे घर प्रार्थनेचं. याच घरात ‘बीड’ म्हणजे मणीही निपजला: आधी अर्थ होता प्रार्थना, मग ती मोजायच्या माळेतला मणी. आपण मण्यालाच ‘जप’ म्हणू लागलो असतो तर जे झालं असतं, तेच.

दुसरा तट जातो आजच्या बेल्जियमच्या बाजूला. तिथल्या बेगार्ड नावाच्या, भिक्षेवर जगणाऱ्या संन्यस्त लोकांवरून फ्रेंचमार्गे शब्द आला, असं त्याचं म्हणणं. या मताप्रमाणे आधी ‘बेगर’ आला, म्हणजे भिकारी, आणि त्यातून मागाहून क्रियापद काढलं गेलं. कोशात ‘उगम अनिश्चित’ लिहिलेलं असतं ते या दोघांमुळे. मला पहिलं मत आवडतं, पण आवडणं हा पुरावा नव्हे. झोळी म्हणजे ‘बॅग’, ती घेऊन फिरतो तो ‘बेगर’, हे मात्र वर्गातल्या मागच्या बाकावर ठेवा.

‘बेग द क्वेश्चन’

इथे चांगले चांगले घसरतात. आजचे इंग्रजी पत्रकार ‘असा प्रश्न उपस्थित होतो’ या अर्थानं हे सर्रास वापरतात, तिथे तसंच लिहा. पण तर्कशास्त्राच्या मजकुरात अर्थ वेगळाच: जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरणं. ॲरिस्टॉटलच्या ग्रीक शब्दांचं लॅटिन झालं, लॅटिनचं सोळाव्या शतकात इंग्रजी, आणि ‘मागून घेणं’ तेवढं शिल्लक राहिलं. “हा माणूस खरं बोलतो, कारण तो स्वतःच सांगतो की मी खोटं बोलत नाही.” आपल्या न्यायदर्शनातला ‘साध्यसम’ हेत्वाभास, म्हणजे फसवं कारण, याच्या अगदी जवळचा. तो शब्द वाचकाला जड जाईल असं वाटलं तर ‘मुद्दाच गृहीत धरला आहे’ लिहा. “प्रश्नाची भीक मागतो” लिहिलंत तर कागद परत येईल.

उरलेलं भराभर

‘जॉब्ज गोइंग बेगिंग’: नोकऱ्या पडून आहेत, कुणी विचारत नाही. नोकऱ्या स्वतः भीक मागत फिरत नाहीत.

‘बेगर्स डिस्क्रिप्शन’ म्हणजे शब्द तोकडे पडावेत असं काही. शेक्सपिअरनं क्लिओपात्राच्या रूपाबद्दल हे वापरलंय. एका अनुवादात तिचं “भिकाऱ्याचं वर्णन” झालं होतं.

‘आय बेग टु यू’ लिहू नका. मधला ‘टु’ आपण मराठीच्या सवयीनं घुसडतो.

स्पेलिंगमध्ये ‘बेगिंग’ला जी दोन, आणि ‘बेगर’च्या शेवटी ए-आर.

मिर्झा बेग यांच्या आडनावाचा इथे काही संबंध नाही. तो तुर्की ‘बेग’, म्हणजे सरदार, आणि बेगम त्यावरूनच. कोळीवाड्यातलं ‘बेगीन ये’ तिसरंच, ते वेगातून आलं.

आणि उच्चार बेग. “आय बॅग युअर पार्डन” म्हणणाऱ्याला मी एकदा विचारलं होतं, कुठल्या कप्प्यात ठेवलीत.