परदेशात नवीन आलात? आधी हिरवं सॅलड करायला शिका

परदेशात येऊन महिना-दोन महिने झालेलं कुणी भेटलं की मी आधी विचारते, "हिरवं, ताजं असं काही पोटात जातंय का?" बहुतेकांकडे उत्तर नसतं. दिवसभराचं काम, अनोळखी स्वयंपाकघर, एकच सुरी, आणि चार-पाच जणांत वाटून घेतलेला फ्रिज. संध्याकाळी भाजी निवडून, चिरून शिजवायचं त्राण कुणात उरतं? मग पाव, नूडल्स नाहीतर गोठवलेलं काहीतरी. अशा दिवसांत शेगडी न पेटवता पंधरा-वीस मिनिटांत होणारं ताजं खाणं म्हणजे भरपूर सुवासिक पानं घातलेलं हिरवं सॅलड. ते नीट करायला शिका. नवीन माणूस ते एकदा वाईट केलेलं खातो आणि पुढे कित्येक वर्षं त्याच्या वाटेला जात नाही, हे मी फार वेळा पाहिलंय.

आपल्या लोकांत याबाबतीत दोन टोकं दिसतात. काही जण कच्च्या पाल्याला हातच लावत नाहीत; "आपण काय गुरं आहोत?" असं म्हणून विषय संपवतात. दुसरे वजन उतरवायच्या नादात ना तेल ना मीठ, असा पाला निमूट चावत बसतात आणि दोन आठवड्यांत कंटाळतात. जुन्या मंडळींनी या दोन्हींपैकी काहीही सांगितलं तरी ऐकू नका. ज्या देशात आलात तिथल्या लोकांचंही सगळंच उचलायला नको. कोणतं पान कोणत्या मोसमात घ्यायचं, हे त्यांच्याकडून जरूर शिका. पण बाटलीतलं दाट, गोडसर ड्रेसिंग भसाभसा ओतायची सवय लावून घेऊ नका. त्याच्याखाली पुदिना काय आणि शेपू काय, सगळं एकच लागतं.

आधी पानं. चार जणांना साधारण २०० ग्रॅम पुरतात. दोन वाटे सौम्य आणि एक वाटा तिखट किंवा कडसर, असं प्रमाण धरा. बटरहेड लेट्यूस मऊ, रोमेन कुरकुरीत, कोवळा पालक सौम्य; रॉकेट, वॉटरक्रेस तिखट; एन्डाइव्ह कडू. आइसबर्ग कुरकुरीत असतो, पण त्याला स्वतःची चव फारशी नाही, म्हणून एकटा आइसबर्ग घेऊन सॅलड करू नका.

सुवासिक पानं, म्हणजे दुकानात ज्यांना हर्ब्ज म्हणतात ती, यातला खरा जीव. नवीन माणसं ती वरून चिमूटभर भुरभुरवतात. तसं नको. चार जणांच्या सॅलडला दोन मुठी भरून घाला, आणि निम्मी तरी पानं अख्खी राहू द्या. पार्सली, पुदिना, कोथिंबीर, शेपू, चाइव्ह्ज (कांद्याच्या पातीसारखी बारीक पात), बेसिल, टॅरागॉन ही मऊ पानं कच्ची चालतात. रोझमेरी आणि सेज मात्र कच्च्या सॅलडात नकोत. त्यांची पानं जाड, वास उग्र. दाताखाली आली की बाकीचं सगळं झाकोळून जातं. एका वेळी तीन वास पुष्कळ झाले. पार्सली, पुदिना आणि चाइव्ह्ज हा मेळ सहसा फसत नाही. उन्हाळ्यात बेसिल, पुदिना आणि थोडा शेपू घ्या. टॅरागॉनला बडीशेपेसारखा वास असतो, त्याची दहा-बारा पानं बास.

चपट्या पानांची पार्सली आणि कोथिंबीर दिसायला इतकी सारखी असतात की पहिल्या महिन्यात हमखास चुकीची जुडी घरी येते. पाटी वाचू नका, पान चुरगाळून वास घ्या. आणि पाहुण्यांना विचारल्याशिवाय सगळ्या सॅलडात कोथिंबीर मिसळू नका. काहींना ती जन्मजातच साबणासारखी लागते. कोथिंबिरीच्या वासात आल्डिहाइड नावाची संयुगं असतात आणि काही माणसांचं नाक ती जास्तच टिपतं. नखरे म्हणून त्यांच्यावर चिडू नका. वेगळ्या वाटीत ठेवली की झालं.

आता मुख्य मुद्दा. पानं कोरडी करा. पुन्हा सांगते, पानं कोरडी करा. फसलेलं सॅलड समोर आलं की मी आधी वाडग्याच्या तळाशी बघते, आणि तिथे जवळजवळ नेहमी फिकट पाण्याचं तळं असतं. तेल पाण्याला धरत नाही. ओल्या पानावर घातलेलं तेल, लिंबू, मीठ सगळं घसरून खाली जातं. वरचं पान बेचव आणि खालचं खारट. मग लोक आणखी मीठ घालतात, आणखी लिंबू पिळतात, आणि शेवटी म्हणतात की सॅलड आपल्याला जमत नाही.

धुवायचं असं. मोठं पातेलं थंड पाण्याने भरा, पानं सुटी करून त्यात सोडा आणि हलक्या हाताने ढवळा. माती तळाशी बसू द्या. मग पानं हातांनी वर उचलून घ्या. पातेलं चाळणीत पालथं करू नका, नाहीतर बसलेली माती परत पानांवर येते. पाणी बदलून पुन्हा तेच करा, खाली कण दिसेनासे होईपर्यंत, आणि शेवटी वाहत्या पाण्याखाली एकदा खळखळून घ्या. साबण किंवा भांड्यांचं लिक्विड अजिबात नको. ते पानांत मुरतं. पाकिटावर धुतलेलं, खायला तयार असं लिहिलं असेल तर ते पुन्हा धुवायची गरज नसते, उलट अस्वच्छ सिंकमध्ये धुतलं तर त्रासच वाढतो. सामायिक स्वयंपाकघरात राहणाऱ्यांनी एवढं नक्की पाळावं: कच्चं मांस चिरलेला पाट आणि सुरी साबणाने धुतल्याशिवाय सॅलडाला वापरायची नाही. सॅलड शिजत नाही, त्यामुळे चुकून आलेले जंतू मरायची संधीच नसते. घरात कुणी गरोदर असेल तर हे आणखी काटेकोरपणे.

पानं मलूल दिसली तरी लगेच फेकू नका. बर्फ घातलेल्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा. पेशी पाणी शोषून पुन्हा ताठ होतात आणि पान कुरकुरीत होतं. काळी, चिकट झालेली मात्र टाकायचीच.

वाळवण्यासाठी सॅलड स्पिनर मिळतो, जाळीची टोपली भरभर फिरवून पाणी उडवणारा. घर लावताना लोक नाही नाही ती यंत्रं घेतात. मी म्हणेन, हा आधी घ्या. पण टोपली अर्धीच भरा, दोनदा फिरवा, मधे पाणी ओता. स्पिनर नसेल तर स्वच्छ सुती पंचावर पानं एका थरात पसरा, सैल गुंडाळा आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. पानं कोरडी होतात आणि गारही. हर्ब्ज तर याहून कोरडी हवीत. ओली पार्सली चिरली की तिचा लगदा होतो.

सुरी धारदार हवी. बोथट सुरीने पान कापलं जात नाही, चेचलं जातं. पेशी फुटतात आणि पुदिना, बेसिल बघता बघता काळे पडतात. सुरी एकदाच फिरवा, मागेपुढे रगडू नका. पुदिन्याचे जाड देठ काढा. पार्सली आणि कोथिंबिरीचे कोवळे देठ ठेवा, त्यांत वास भरपूर असतो.

ड्रेसिंग घरी करायला तीन मिनिटं लागतात. व्हिनेगर असेल तर तीन भाग तेलाला एक भाग, हे प्रमाण जुनं आणि पक्कं. लिंबू असेल आणि हर्ब्ज भरपूर असतील तर मी दोनास एक घेते, कारण आपल्याला थंडावा हवाय. चार जणांना तीन मोठे चमचे तेल, दीड मोठा चमचा लिंबाचा रस, पाव ते अर्धा छोटा चमचा मीठ. मीठ आधी लिंबात विरघळवा. तेलात मीठ विरघळत नाही, कण तसेच राहतात आणि एखाद्या घासालाच खारट लागतं. मग थोडी मिरपूड, अर्धा छोटा चमचा मोहरीची पेस्ट आणि शेवटी तेल. मोहरीमुळे तेल आणि लिंबू लगेच वेगळे होत नाहीत. झाकणाच्या बरणीत घालून हलवा. चव बघताना बोट बुडवू नका, एक पान बुडवून खा. नुसतं ड्रेसिंग नेहमीच जास्त आंबट वाटतं. तेल उघडल्या-उघडल्या हुंगा. जुन्या रंगासारखा कुबट वास आला तर ते खवट झालंय, टाकून द्या.

ड्रेसिंग पानांवर घालायचं ते सगळे ताटावर बसल्यावर. पानावर मेणासारखा पातळ थर असतो. पाणी त्यावर थांबतं, पण तेल हळूहळू आत शिरतं आणि पान मरगळतं. म्हणून तासभर आधी कालवून ठेवलेलं सॅलड ओल्या कागदासारखं होतं. मोठं वाडगं घ्या, हात स्वच्छ धुवा आणि हातानेच मिसळा. प्रत्येक पान नुसतं चकाकलं पाहिजे. आधी दोन तृतीयांश ड्रेसिंग घाला, चव बघा, लागलं तरच उरलेलं. अख्खी राखलेली हर्ब्ज सर्वांत शेवटी.

आता ज्यासाठी मी खरं तर हे लिहायला बसले, ते. रानातली पानं स्वतः तोडून सॅलडात घालू नका. दरवर्षी वसंतात हे घडतं. कुणीतरी सहकारी टोपलीभर रानलसणाची पानं आणतो, नवीन आलेला माणूस हरखतो, आणि पुढच्या रविवारी फोनवरच्या अ‍ॅपच्या भरवशावर एकटाच जंगलात जातो. युरोपातल्या जंगलांत रानलसणासारखीच पानं असलेल्या दोन विषारी वनस्पती वाढतात. लिली ऑफ द व्हॅलीने हृदयाचे ठोके बिघडतात. ऑटम क्रोकसमध्ये कोल्चिसीन नावाचं विष असतं. काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात, मग एकेक अवयव निकामी होत जातो, आणि त्यावर सहज मिळणारा उतारा नाही. यात माणसं दगावली आहेत. "वासावरून कळतं की" असं सांगणारे भेटतील. त्यांना सांगा, पहिलं खरं पान चुरगाळलं की बोटांनाच लसणाचा वास लागतो, मग पुढचं प्रत्येक पान लसणासारखंच वाटतं.

पार्सलीसारखं दिसणारं रानटी रोप तर त्याहून घातक. ख्रिस्तपूर्व ३९९ मध्ये सॉक्रेटिसला ज्याचं विष दिलं गेलं ते हेमलॉक पार्सलीच्याच कुळातलं. आज ते युरोपात आणि उत्तर अमेरिकेत रस्त्याकडेला, ओढ्याकाठी सर्रास उगवतं. त्याच्या गुळगुळीत देठावर जांभळे ठिपके असतात, पण कोवळ्या रोपात ते दिसतीलच असं नाही. जन्मभर तिथे राहिलेली माणसंही चुकतात, तर काल आलेल्यांनी हा धोका घ्यायचं काही कारण नाही. आल्या आल्या आपत्कालीन आणि विषबाधा केंद्राचा नंबर फोनमध्ये साठवा. कुणी चुकून खाल्लंच तर त्रास सुरू व्हायची वाट न बघता फोन करा आणि उरलेलं पान जपून ठेवा.

ताजं, खात्रीचं आणि स्वस्तात हवं असेल तर खिडकीत लावा. दुकानातलं कुंडीतलं बेसिल आठवड्यात मरतं, कारण त्या एका कुंडीत दाटीने पुष्कळ रोपं लावलेली असतात. आणल्यावर मातीचा गोळा हलक्या हाताने तीन-चार भागांत सोडवा आणि वेगळ्या कुंड्यांत लावा. शेंडा नेहमी पानांच्या जोडीच्या वर खुडा, तिथून दोन नवे फुटवे येतात. पुदिन्याची काडी पाण्याच्या पेल्यात ठेवली तरी आठवडा-दोन आठवड्यांत मुळं धरते. त्याला वेगळी कुंडी द्या, नाहीतर तो शेजाऱ्याला जगू देत नाही. चाइव्ह्ज बुडापासून दोन-तीन सेंटिमीटर ठेवून कापा, परत वाढतात. बिया मात्र तिथेच विकत घ्या. घरच्यांनी प्रेमाने दिलेली बियांची पुडी सामानात टाकून आणू नका. बऱ्याच देशांत त्यासाठी वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. युरोपीय संघात १४ डिसेंबर २०१९ पासून प्रवाशांच्या सामानातल्या जवळजवळ सगळ्या वनस्पती आणि बियांना ते सक्तीचं आहे.

फ्रिजमध्ये पानं कोरड्या कापडात गुंडाळून ठेवा, सफरचंदांपासून लांब. सफरचंदातून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने लेट्यूसवर तपकिरी डाग पडतात. पार्सली, कोथिंबीर देठ पाण्यात बुडतील अशी पेल्यात उभी ठेवा आणि वरून सैल पिशवी घाला. बेसिल फ्रिजच्या बाहेर, कारण थंडीने ते काळं पडतं.

वॉर्फरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी घेत असाल तर हिरव्या पानांचं प्रमाण एकदम वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. पानांतलं के जीवनसत्त्व औषधाच्या आड येतं.

आणि कुणाकडे जेवायला जाताना सॅलड न्यायचं झालं तर कोरडी पानं एका डब्यात, हर्ब्ज ओलसर कागदात गुंडाळून दुसऱ्या डब्यात आणि ड्रेसिंग बरणीत. तिथे पोचल्यावर फक्त एक मोठं वाडगं मागून घ्या.