लिनक्स फोनवर अॅपचा आयकॉन दिसत नाही? आधी या चुका टाळा

पाइनफोन किंवा लिब्रेम ५ असा लिनक्सवर चालणारा फोन हातात आला की नव्या माणसाला पहिल्याच संध्याकाळी सगळं जागेवर हवं असतं. एखादं अॅप मेन्यूत दिसलं नाही, की तो फोन फॉरमॅट करून अख्खी सिस्टीम पुन्हा टाकायला बसतो. या घाईचा मला मनापासून राग येतो, कारण दहापैकी नऊ वेळा दोष एका छोट्या टेक्स्ट फाइलमध्ये असतो आणि ती फाइल कुणी उघडूनच बघत नाही.

मेन्यूतला प्रत्येक आयकॉन म्हणजे एक डॉट डेस्कटॉप फाइल. त्यातल्या 'एक्झेक' या ओळीत कुठला प्रोग्राम चालवायचा ते लिहिलेलं असतं. सगळ्यात जास्त घोळ याच ओळीत होतात.

ओळखीतल्या एका विद्यार्थ्याने फोटोंचा बॅकअप घेणारी छोटी स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची फाइल, लिहिली आणि तिचा लाँचर, म्हणजे ती मेन्यूतून चालवणारी डॉट डेस्कटॉप फाइल, बनवला. लॅपटॉपवर केडीई हा लिनक्सचा डेस्कटॉप होता, तिथे तो व्यवस्थित चालला. तीच फाइल त्याने फॉश, म्हणजे लिनक्स फोनचा होम स्क्रीन आणि मेन्यू सांभाळणारा प्रोग्राम, असलेल्या फोनवर टाकली, तर आयकॉनच गायब. एररही नाही. त्याने पोस्टमार्केटओएस ही फोनची लिनक्स सिस्टीम पुन्हा टाकली, मग मोबियन ही दुसरी टाकून पाहिली, आठवडा गेला. फाइल माझ्याकडे आली तेव्हा एक्झेकच्या ओळीत स्क्रिप्टचा पत्ता '~' पासून सुरू होत होता. केडीई या चिन्हाचा अर्थ लावून होम फोल्डर शोधतं. फॉश ज्या जीलिब लायब्ररीवर उभं आहे, ती तसं करत नाही. तिला प्रोग्राम सापडला नाही की ती अख्खी नोंदच वगळते, म्हणून मेन्यूत काहीच उमटत नाही. स्क्रिप्टला एक्झिक्यूट परवानगी द्यायची राहिली, तरी हेच होतं.

पूर्ण पत्ता लिहिला आणि काम झालं. डेस्कटॉप-फाइल-व्हॅलिडेट ही अशा फाइलीतल्या चुका दाखवणारी आज्ञा आधीच चालवली असती, तर तिने त्या '~' वर लगेच बोट ठेवलं असतं. माझी सवय अशी: फोनमध्ये लॅपटॉपवरून एसएसएचने (दूरून टर्मिनल उघडण्याची सोय) शिरायचं, एक्झेकमधली ओळ जशीच्या तशी टर्मिनलमध्ये चालवायची आणि मग फाइल या आज्ञेखालून काढायची. मात्र टर्मिनलमध्ये चाललं म्हणजे मेन्यूतही चालेलच असं नाही. टर्मिनलच्या बॅशआरसी या सेटिंग फाइलमधले एलियस, म्हणजे आज्ञांची टोपणनावं, मेन्यूला ठाऊक नसतात, आणि '~' चा अर्थ टर्मिनलमध्ये शेल, म्हणजे आज्ञा वाचणारा प्रोग्राम, लावतो. म्हणून दोन्ही तपासण्या हव्यात.

दुसरी चूक 'यूएसआर' या सिस्टीमच्या फोल्डरमधल्या मूळ डॉट डेस्कटॉप फाइलमध्ये खाडाखोड करण्याची. पुढच्या अपडेटला ती पुसली जाते. त्याच नावाची प्रत होम फोल्डरमधल्या डॉट-लोकल, शेअर, अॅप्लिकेशन्स या फोल्डरात ठेवा. सिस्टीम तीच आधी वाचते. चटकन होतं म्हणून रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) होऊन मूळ फाइल बदला, असा सल्ला देणाऱ्यांचं ऐकू नका.

फाइल बरोबर असूनही अॅप दिसत नसेल, तर फॉशमधला फक्त मोबाइलला जुळणारी अॅप दाखवणारा फिल्टर बंद करून बघा. पण तो उगाच ठेवलेला नाही. पाइनफोनचा पडदा ७२० बाय १४४० पिक्सेलचा आहे. सगळं दुप्पट मोठं दाखवणाऱ्या स्केलिंगवर रुंदीला ३६० उरतात, आणि डेस्कटॉपसाठी बनवलेल्या अॅपची 'सेव्ह', 'ओके' ही बटणं पडद्याबाहेर जातात.

डॉट डेस्कटॉप फाइलच्या 'आयकॉन' या ओळीतलं नाव थीममधलं, म्हणजे सिस्टीमच्या आयकॉन-संचातलं, असेल तर पुढे पीएनजी वगैरे जोडू नका.

पाइनफोनला बॅटरी सापडत नसेल तर तिच्या संपर्कबिंदूंवरची प्लास्टिकची पट्टी काढली का बघा. मोडेम (मोबाइल नेटवर्कचा भाग) किंवा कॅमेरा सापडत नसेल तर मागचं झाकण काढून आतले सहा छोटे स्विच तपासा. नवी सिस्टीम आजमावायची असेल तर ती एसडी कार्डवर टाका. मूळ पाइनफोन आधी कार्डावरूनच सुरू होतो, आतल्या मेमरीला हात लावावा लागत नाही.

आणि फ्लॅटपॅक ही अॅप बसवण्याची व्यवस्था नुकतीच टाकली असेल, तर पहिल्या अॅपनंतर लॉगआउट करून पुन्हा आत या. फ्लॅटपॅकचा फोल्डर मेन्यूच्या शोधयादीत नवं सेशन सुरू झाल्यावरच येतो.